फोटोखालचं नाव

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहून देताना जोडल्या आहेत.)

व्यासपीठावर आणि समोर बसलेले माझे सगळे सर आणि बाई, १९९४च्या दहावीच्या बॅचचे माझे सोबती, आमच्या पुढचे, आमच्या मागचे, आणि 'चल ना, दोन तासांचं तर काम आहे' असं सांगून ज्यांना दिवसभरासाठी मारेगावला आणलं गेलं आहे असे सगळ्यांचे नवरे, बायका आणि लेकरं, सर्वांना नमस्कार.

समितीनं मला फोनवर विषय सांगितला तो असा: "तू परदेशावर फोटोचं पुस्तक काढलंस ना, त्यावर वीस मिनिटं बोल." तेव्हा आधी एक खुलासा करते. मी फोटो काढत नाही. त्या पुस्तकात माझा एकही फोटो नाही. पुण्यात दोन खोल्यांत आमचा तिघांचा डिझाइन स्टुडिओ आहे. हळदीचं पाकीट, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, बियाण्यांच्या पिशवीवरचं चित्र, लग्नपत्रिका, जे येईल ते आम्ही करतो. पतसंस्थेच्या अहवालाला नाक मुरडू नका, आमचं भाडं त्यातूनच निघतं. तिघांतला एक जण फोटो काढतो, एक मुलगी मांडणी आणि हिशेब दोन्ही बघते, आणि मी अक्षरं बसवते. म्हणजे कुठल्या फोटोशेजारी कुठला फोटो, कोणत्या ओळीला किती जागा, फोटोखाली काय लिहायचं, हे माझं काम. आजचं माझं बोलणं बहुतेक त्या शेवटच्या कामाबद्दल आहे, फोटोखाली काय लिहायचं याबद्दल.

परदेशाचे फोटो आपल्याला नवीन नाहीत. आपल्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप उघडा. दुबई, टेक्सास, सिंगापूर. माणूस कशाच्या तरी समोर उभा असतो. मागे उंच इमारत, धबधबा, नाहीतर नवी गाडी. त्याआधी, आपण शाळेत होतो तेव्हा, कोणाच्या घरी परदेशातून पाकीट यायचं, त्यातला रंगीत फोटो शोकेसमध्ये कपबशांच्या मधे उभा राहायचा आणि पाहुण्याला पाण्याआधी तो दाखवला जायचा. या फोटोंना मी हसत नाही. तो फोटो घरच्यांसाठी काढलेला असतो, त्याला एकच गोष्ट सांगायची असते: माझं बरं चाललंय, काळजी करू नका. पण म्हणूनच त्या फोटोत रात्रपाळी नसते. भांडी घासणारा इंजिनिअर नसतो. रविवारी दुपारी खिडकीशी बसून काही न करणारी बाई नसते. परदेशातलं राहणं म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं, आणि तेवढंच नेमकं घरच्यांना कधी दिसत नाही.

आमचा भागीदार एका हॉटेलच्या पुस्तिकेचे फोटो काढायला मॉरिशसला गेला होता. काम तीन दिवस आधी संपलं. ते दिवस गणपतीचे होते. तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते हे त्याला तिथे गेल्यावरच कळलं. कोणीतरी त्याला वाक्वाजवळच्या हेन्रिएटा गावाचं नाव सांगितलं. तिथला गणपती १८९६पासूनचा म्हणून सांगतात, म्हणजे टिळकांनी आपल्याकडे सार्वजनिक उत्सव सुरू केले त्याच्या तीनच वर्षं नंतरचा. तो तिकडे गेला आणि पुण्याला परतला तेव्हा त्याच्याकडे हॉटेलच्या स्विमिंग पूलचे दोनशे आणि लोकांच्या स्वयंपाकघरांचे पाचशे फोटो होते. मिरवणुकीचे फोटो सगळे काढतात. त्यानं मिरवणूक संपल्यावरचे काढले होते. गणपती समुद्रात गेल्यावर ओल्या नऊवारीत परतणाऱ्या बाया, दारात वाळत घातलेले फेटे, पुरणपोळी टीव्हीसमोर बसून खाणारा, पोळीकडे न बघणारा नातू. घरात सगळे क्रिओल बोलतात, देवापुढे मराठी.

हे फोटो मी वडलांना दाखवले. वडील मारेगावच्या घरी ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "हे तं आपल्यासारखेच लोकं दिसून राह्यले. मंग फोटो काहाडाले येवढ्या दूर कायले जा लागते?"

यापेक्षा चांगला प्रश्न नंतर कुठल्याही प्रकाशकानं विचारला नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच की पुस्तक विकेल का.

तर एवढ्या दूर कायले, ते सांगते. मॉरिशस हे केवढं, तर दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट. यवतमाळ जिल्ह्यात अशी सहा बसतील. १८३४च्या २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलस' नावाचं जहाज तिथे पोहोचलं, कलकत्त्याहून निघालेलं, त्यावर ३६ मजूर होते. गुलामगिरी कायद्यानं बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत करारावर साडेचार लाखांच्या आसपास माणसं तिथे उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मुंबईहून गेलेली तुलनेनं थोडी, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा भागातले लोक पुष्कळ. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली तो आप्रवासी घाट २००६पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आपल्या भागातले लोक त्यांत फारसे नव्हते, हे मला इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. आपल्याकडून आधी माणूस नाही, माल गेला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडाचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात गेला. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा यवतमाळ नव्हतं, वणी जिल्हा होतं. ते १९०५ साली बदललं. कापसाच्या गाठीवर कुणी शेतकऱ्याचं नाव लिहीत नाही. शिक्का मारतात, वजन लिहितात, नंबर टाकतात.

हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण आमच्या पुस्तकाची खरी सुरुवात नंबरापासूनच झाली.

मॉरिशसमध्ये मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे. तिच्या दप्तरखान्यात या मजुरांच्या नोंदी आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज आणि क्रमांक. आणि त्याबरोबर फोटो आहेत, हजारो. हे फोटो कुणी हौसेनं काढून घेतलेले नाहीत. १८६७ साली तिथे असा कायदा झाला की पाच वर्षांचा करार संपलेल्या जुन्या मजुरानं स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगायचं. पोलिसानं अडवलं आणि कागद जवळ नसला की भटक्या म्हणून पकडायचं. म्हणजे ज्या वेळी आपल्याकडे राजे-महाराजे आणि मोठे वकील तेवढे स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत होते, त्या वेळी मॉरिशसमधला रत्नागिरीचा मजूर कॅमेऱ्यासमोर बसला होता. तो का बसला होता हे त्याच्या डोळ्यांत दिसतं. हसत कुणीच नाही.

या त्रासाविरुद्ध १८७१ साली एक अर्ज झाला. अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्यानं तो करायला मदत केली आणि त्याखाली ९,४०१ जुन्या मजुरांची नावं होती. पुढच्या वर्षी विलायतेहून चौकशी आयोग आला. मला त्या अर्जातल्या मागण्यांइतकाच तो आकडा भारी वाटतो. ज्यांना क्रमांकानं ओळखलं जायचं त्यांतल्या नऊ हजार चारशे एक जणांनी कागदावर आपलं नाव दिलं, आणि नाव दिल्यानं काय होऊ शकतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

परदेशी गेलेल्या माणसाचा फोटो ही गोष्ट जगात सगळीकडेच अशी दुधारी आहे. १९७५ साली जॉन बर्जर आणि छायाचित्रकार झां मोर यांचं 'ए सेव्हन्थ मॅन' हे युरोपातल्या स्थलांतरित मजुरांवरचं पुस्तक आलं. आमच्या स्टुडिओत त्याची एक जुनी, पानं सुटलेली प्रत आहे. त्यात पोर्तुगालहून चोरून फ्रान्सला जाणाऱ्या माणसांची हकिकत आहे. निघण्यापूर्वी माणूस स्वतःचा फोटो काढून मधोमध फाडायचा. अर्धा वाटाड्याला, अर्धा स्वतःजवळ. सुखरूप पोहोचला की आपला अर्धा घरी पाठवायचा. वाटाड्या दुसरा अर्धा घेऊन घरी यायचा. दोन्ही तुकडे जुळले की घरचे पैसे मोजायचे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्या ग्रुपवरचे फोटो आठवले. पोहोचलो, बरा आहे, काळजी नको. तोच अर्धा फोटो.

आमच्या धंद्यातल्या माणसांना आणखी एक पुस्तक पाठ असतं, रॉबर्ट फ्रँकचं 'द अमेरिकन्स'. तो स्वित्झर्लंडचा. परक्या नजरेनं अमेरिका फिरला, सुमारे २८ हजार फोटो काढले आणि पुस्तकात घेतले ८३. पुढे २००८ साली गौरी गिल या आपल्या छायाचित्रकर्तीनं अमेरिकेतल्या भारतीयांच्या फोटोंचं पुस्तक केलं आणि त्याला बेधडक तेच नाव दिलं. मला ती खोडी फार आवडते.

आमच्या भागीदारानं पुढच्या तीन वर्षांत आणखी दोन फेऱ्या केल्या, दुसऱ्या वेळी मीही गेले. सगळे मिळून साडेचार हजार फोटो झाले. आम्ही ते लहान आकारात छापून स्टुडिओच्या फरशीवर पसरले. दोन महिने आमच्याकडे येणारा चहावाला भिंतीला पाठ लावून आडवा चालत यायचा. त्यातून ९४ राहिले. निवडीचा नियम एकच होता: कोणी कशाच्या समोर उभं आहे असा फोटो बाद.

आता नावांचं भांडण. हे जरा सविस्तर सांगते, कारण याच्यावर आमचे चार महिने गेले.

आमचं पहिल्यापासून ठरलं होतं की फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव फोटोखाली येईल. 'ऊस तोडणारा मजूर' किंवा 'मराठी वृद्धा' असलं काही नाही. पण नाव लिहायचं कसं? तिकडे मराठी लोकांची कितीतरी आडनावं 'जी'वर संपतात. झालं असं की कारकुनानं आलेल्या माणसाचं नाव विचारलं, त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, आणि ते नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. कारकून इंग्रजी किंवा फ्रेंच कानाचा, सांगणारा कोकणी तोंडाचा, त्यामुळे स्पेलिंग जे व्हायचं ते झालं. ते स्पेलिंग वाचून आज ते लोक स्वतःचं नाव जसं उच्चारतात, ते आपल्या कानाला ओळखूसुद्धा येत नाही.

पुण्यातले एक अभ्यासक गृहस्थ आम्हाला मनापासून मदत करत होते. त्यांचं म्हणणं, देवनागरीत छापताय तर मूळ, शुद्ध मराठी नाव छापा. बिघडलेलं कशाला छापता? जमलं तर मूळ गावावरून आडनावही शोधून देतो म्हणाले. यात त्यांचा भाव चांगला होता. आमचा भागीदारही त्यांच्या बाजूचा होता. मला ते पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं.

ते मला वाक्वाच्या एका आजीनं सांगितलं. (त्यांचं नाव पुस्तकात ४१व्या पानावर आहे. छापायची परवानगी त्यांनी दिली आहे, माइकवरून सांगायची मी घेतलेली नाही.) आजी लहानपणी संध्याकाळच्या बैठकेत देवनागरी शिकलेल्या. तिकडे गावातल्या शिकवण्याच्या, जमण्याच्या जागेला बैठका म्हणतात. मी त्यांना दोन कागदांवर दोन प्रकारे त्यांचं आडनाव लिहून दाखवलं. एक शुद्ध, एक ते उच्चारतात तसं. त्यांनी शुद्ध कागद बाजूला सारला आणि म्हणाल्या, हे माझ्या पणजोबांचं असेल. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, या नावानं माझं लग्न झालं, या नावानं आम्ही १९६०च्या वादळानंतर पत्र्याचं घर पाडून सिमेंटचं बांधलं, या नावानं मी मत देते. पुस्तकात हे घाला.

मला त्या क्षणी आपलं शाळेचं दाखलखारीज रजिस्टर आठवलं. आपल्या वर्गात किती जणांची जन्मतारीख १ जून होती? हात वर करा बघू. बघा, मागच्या दोन रांगा पूर्ण. (हशा.) आईला आठवायचं ते 'ज्या साली मोठा पूर आला त्या साली', आणि गुरुजींना तर रकाना भरायचा होता. पोडावरून येणाऱ्या आपल्या कोलाम मित्रांचं घरी एक नाव होतं आणि हजेरीत दुसरं. तो हजेरीतल्या नावानं 'हजर' म्हणायचा आणि मधल्या सुट्टीत त्याचा भाऊ त्याला घरच्या नावानं हाक मारायचा. आज त्यांतल्या एकाच्या मुलीचं लग्न झालं, पत्रिका आमच्याच स्टुडिओनं केली. पत्रिकेवर त्यानं हजेरीतलं नाव घातलं, कारण पेन्शनच्या कागदावर, सातबाऱ्यावर, पोरीच्या दाखल्यावर तेच आहे. कोणी त्याला 'शुद्ध' करायला गेलं तर तो हसेल.

तर पुस्तकात सगळी नावं ते लोक म्हणतात तशी छापली. आमच्या अभ्यासक मित्रांनी एक टीप लिहून दिली, ती शेवटी आहे. टीप चांगली आहे. त्यांनी मूळ नावांचा जो तक्ता केला होता तो मात्र आम्ही छापला नाही. तो ज्या त्या घरी पाठवून दिला. हवा तर ठेवतील.

मुखपृष्ठाचा प्रश्न याहून अवघड होता. आमच्याकडे एक फोटो असा होता की डोळे मिटून मुखपृष्ठावर टाकावा. मॉरिशसमध्ये १९७०नंतर निर्यातीचे कपडे शिवणारे कारखाने आले. हजारो बाया उसाच्या शेतातून शिलाई मशीनवर गेल्या. मग पुढे परदेशी बाजाराचे नियम बदलले आणि त्यातले बरेच कारखाने बंद पडले. अशा एका कारखान्यात तीस वर्षं काम केलेल्या बाईंचा तो फोटो. संध्याकाळ, पलंगाच्या कडेला बसलेल्या, पाय गरम पाण्याच्या बादलीत, हातात आदल्या दिवशीची पुरणपोळी, आणि चेहऱ्यावर अशी काही शांतता की माझ्या आईची आठवण यावी. कापूस वेचून आल्यावर आई अशीच बसायची. आपण पिकवलेल्या कापसाचा शर्ट तिनं शिवला असेल असं लिहायचा मला मोह झाला होता. पण कुठला कापूस कुठे गेला हे कोण सांगणार. खोटं कशाला लिहा.

बाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली होती. आम्ही छापण्यापूर्वी सगळ्या घरांना कच्ची प्रत पाठवली. त्यांचा निरोप आला. फोटो मला आवडला, पण माझे पाय सगळ्यांनी बघावेत असं मला वाटत नाही.

पायांवर काही नव्हतं हो. तीस वर्षं पेडल मारलेले पाय. सुजलेले.

आमच्या स्टुडिओत दोन दिवस वाद झाला. भागीदाराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सही आहे, फोटो तिचा मान वाढवणारा आहे, आणि हा काढला तर पुस्तकाचा प्राण जातो. तो फोटो त्याच्या वीस वर्षांच्या कामातला सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि हे त्याला माहीत आहे. पाय कापून फक्त चेहरा घ्यावा असं मी सुचवलं, तर तो म्हणाला, मग तो पुन्हा तिकिटावरचा फोटो झाला. ते बरोबर होतं. शेवटी हिशेब बघणाऱ्या आमच्या मुलीनं, जी आम्हा दोघांहून पंधरा वर्षांनी लहान आहे, विचारलं, "१८६७ साली कोणी त्यांना विचारलं असतं, की फोटो ठेवू का काढू, तर?" त्यानंतर वाद झाला नाही. फोटो काढून टाकला. तो आमच्या भिंतीवरही नाही. मुखपृष्ठावर आम्ही एकही फोटो घातला नाही. पुस्तकात दिसणाऱ्या सगळ्या माणसांची नावं, २१२, देवनागरीत, ओळीला ओळ लावून छापली. त्यात त्या बाईंचंही नाव आहे, कारण त्या आतल्या दुसऱ्या एका फोटोत आहेत, शेजारणीबरोबर हसताना.

पुस्तकांच्या दुकानदारांनी कपाळाला हात लावला. फोटोचं पुस्तक आणि वर फोटो नाही! एकानं विचारलं, ही मतदारयादी आहे का?

छपाईबद्दल एकच गोष्ट सांगते, ती आपल्या ड्रॉइंगच्या सरांसाठी. सर समोरच बसले आहेत. एलिमेंटरीच्या परीक्षेला आपण वणीला जायचो तेव्हा सर बसमध्ये आम्हाला सांगायचे, रंगाच्या पेटीत जो कातडीचा रंग म्हणून येतो तो आपल्यापैकी कुणाच्या कातडीचा आहे ते आधी बघा, मग वापरा. मग आम्ही तपकिरीत लाल आणि थोडा पिवळा मिसळत बसायचो. छापखान्यात रात्री अकरा वाजता पहिला फर्मा मशीनवर होता. मशीनवरचा माणूस अनुभवी होता. पहिला कागद बघून म्हणाला, "मॅडम, चेहरे जरा उजळू का? गोरे दिसतील." मी म्हटलं, गोरे नकोत, फक्त नाक-डोळे दिसू देत. चार रंगांच्या छपाईत काळी शाई जास्त झाली की सावळा चेहरा म्हणजे नुसता काळा डाग होतो, आणि नुसतं उजळलं की तो माणूस तो राहत नाही. काळा कमी करून लाल-पिवळा सांभाळावा लागतो, पान पान बघून. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघं त्यावर होतो. चारला तो म्हणाला, "हा माणूस आता माझ्या मामासारखा दिसतो." मी म्हटलं, मग चालू करा मशीन.

पैशाचं थोडक्यात. १६० पानं, दहा फर्मे, शिलाईची बांधणी, ६०० प्रती. प्रकाशक मिळाला नाही, म्हणून स्टुडिओच प्रकाशक झाला. नवी मशीनं घेण्यासाठी ठेवलेले पैसे यात गेले. त्या वर्षी आम्ही बियाण्यांच्या पिशव्या जास्त केल्या. आज २३० प्रती शिल्लक आहेत, म्हणजे अजून तोटाच आहे. मी इथे विकायला आणलेल्या नाहीत, एक प्रत शाळेच्या वाचनालयाला दिली आहे, तेवढीच.

पुस्तकाच्या काही प्रती कायद्यानं राष्ट्रीय ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. पहिली कलकत्त्याला. पाकिटावर पत्ता लिहिताना आमच्या मुलीनं सहज म्हटलं, 'अ‍ॅटलस' जहाज इथूनच सुटलं होतं ना? साठ प्रती मॉरिशसला गेल्या, त्या टपालानं नाही, ते फार महाग पडत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून चार-चार, पाच-पाच करून गेल्या, आपण पापड-चटण्या पाठवतो तशा. वाक्वाच्या आजींचा व्हिडिओ आला. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. मुखपृष्ठावर बोट ठेवून त्या एक एक नाव मोठ्यानं वाचत होत्या, हळूहळू, बैठकेत शिकलेल्या अक्षरओळखीनं. मधे मधे सांगत होत्या, हा वारला, ही फ्रान्सला गेली, हा माझ्याशी बोलत नाही. अकरा मिनिटांचा व्हिडिओ आहे. वडलांना मी तो पूर्ण दाखवला. ते म्हणाले, "म्हातारी हुशार हाय. आधी यादी पाह्यली."

आता शेवटचं, आणि हे कामाचं. मेळाव्याच्या समितीनं आमच्या स्टुडिओला या स्मरणिकेची मांडणी करायला सांगितली आहे. त्यासाठी शाळेच्या कपाटातून जुने ग्रुप फोटो बाहेर काढले, एकूण एकतीस. प्रत्येकाखाली छापलेलं आहे, 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून', आणि मग सरांची, बाईंची नावं. मागच्या तीन रांगांत उभे असलेल्यांची नावं एकाही फोटोखाली नाहीत. ते सगळे फोटो पंगतीच्या शेजारच्या टेबलावर मांडले आहेत, प्रत्येकावर पातळ कागद चिकटवलेला आहे, पेन्सिली ठेवल्या आहेत. चेहऱ्यावर आकडा घाला आणि बाजूला नाव लिहा, शाळेत हाक मारायचे ते. हजेरीतलं वेगळं असेल तर तेही. दोन फोटोंत अगदी कडेला शिपाईकाका उभे आहेत, हातात घंटेचा टोल घेऊन. त्यांना आपण सगळे मामा म्हणायचो. त्यांचं पूर्ण नाव कोणाला आठवत असेल तर ते सगळ्यात आधी लिहा, मुखपृष्ठाचा मजकूर उद्या संध्याकाळी छापायला जायचा आहे.

जेवण एक वाजता आहे. हात धुवून, पुसून मग टेबलाशी या. वांग्याच्या भाजीचे डाग फोटोवरून निघत नाहीत.